श्वास कुठे घ्यायचा

पाणीपुरवठा खात्याच्या बँडमध्ये चौतीस माणसं होती आणि त्या सगळ्यांची ती वहिनी होती. खरं पाहता ती एकट्या पहिल्या ट्रम्पेटवाल्याची वहिनी, त्याच्या थोरल्या भावाची बायको. अकरा वर्षांपूर्वी त्यानंच तिला तालमीला आणलं, "ही आमची वहिनी, बास क्लॅरिनेट वाजवते," एवढीच ओळख करून दिली, आणि तेव्हापासून पंपवाल्यापासून प्रयोगशाळेतल्या बाईंपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणू लागले. बँडमास्तर तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, पण तेही वहिनीच म्हणत.

नोकरी नकाशा विभागात. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप जातो ते कागदावर उतरवायचं. हात स्थिर, अक्षर मोत्यासारखं, म्हणून बँडच्या स्वरलिपीच्या नकला तिच्याकडे आल्या. मग नकलांमधल्या चुका सुधारणं आलं. मग "वहिनी, एवढं गाणं आपल्या बँडसाठी बसवून द्या ना," असं होता होता सगळंच संगीत बसवणं तिच्या गळ्यात पडलं. हा बँड रस्त्यानं चालत वाजवणारा नव्हे, खुर्च्या मांडून बसून वाजवणारा, पण वाजवायचा मात्र कूचगीतंच. मास्तरांना ती आवडत. निदान सव्वीस वर्षं सगळ्यांचा तसा समज होता.

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा मास्तरांनी तिला वाद्यांच्या खोलीत बोलावलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं. आत सहा पानं, हातानं लिहिलेली, कडा तपकिरी झालेल्या.

"माझ्या गुरूंनी लिहिलंय," ते म्हणाले. "तीनशे वर्षांपूर्वीच्या धाटणीनं. बरोक. अतिशय संथ."

तिनं पानं उलटली. खाली चेलोची ओळ, एकेक पाऊल टाकत न थांबता चालणारी. वर व्हायोलिनं, लांबच लांब सूर धरून बसलेली. एक सूर जागचा हलत नाही, तोवर शेजारचा सरकतो, दोघांचं जरा घासतं, मग पहिला नाइलाजानं एक पायरी खाली येतो. सगळी गंमत त्या घासण्यात. आणि मधे हार्पसिकॉर्ड, पियानोच्या आधीच्या काळातलं, तारा छेडून वाजणारं.

"मास्तर, यात सगळ्या ताराच आहेत. आपल्याकडे तार म्हणून एक नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. सव्वीस वर्षं मी धबाधबा वाजवून घेतलं, कारण खात्याला तेच हवं होतं. शेवटच्या कार्यक्रमात हे वाजवू. एकदाच."

माणसानं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. नाही म्हणायची सोयच नव्हती.

घर वर आणि नवऱ्याचं चष्म्याचं दुकान खाली. वर जेवणाच्या टेबलावर तिनं पसारा मांडला. नवऱ्याला संगीतातलं ओ की ठो कळत नसे. सूर आणि कुकरची शिट्टी त्याच्या लेखी एकाच कुळातली. पण तो ताटं मांडीवर घेऊन जेवायचा आणि कागदाला हात लावायचा नाही. बँडची बासरी आणि नवऱ्याचा संयम, दोन्ही उगाच फुंकून टाकायच्या गोष्टी नव्हेत, असं ती म्हणे.

पहिलं काम पट्टी बदलण्याचं. तारांना जी पट्टी सोयीची ती फुंकून वाजवायच्या वाद्यांना नडते, म्हणून सगळं एक सूर खाली आणलं. चेलोची चालती ओळ ट्युबाला आणि स्वतःच्या बास क्लॅरिनेटला दिली. हार्पसिकॉर्डच्या जागी तिनं लोखंडी पट्ट्यांचं घंटीवाद्य घातलं आणि स्वतःवरच खूश झाली. मुख्य चाल अर्थातच पहिल्या ट्रम्पेटला, म्हणजे भावजींना. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. भावजींच्या सुरासाठी शेजारच्या गावची माणसं येत.

पहिल्या तालमीला पुरता बोऱ्या वाजला. घंट्या सुरू झाल्या आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आइस्क्रीमची गाडी आली." पण ते हसण्यावारी गेलं. खरं दुखणं वेगळंच होतं. व्हायोलिनवाला गज इकडून तिकडे नेतो आणि तिकडून इकडे आणतो, सूर तुटत नाही. फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. तिनं कागदावर लिहून ठेवलं होतं, "सोयीनं श्वास घ्यावा," आणि चौतीस माणसांची सोय नेमकी एकाच क्षणी झाली. दर ओळीच्या शेवटी सगळे मिळून थांबायचे, हुश्श करायचे, पुन्हा निघायचे. दोन ट्युबावाल्यांतला पंपचालक, दारासारखा रुंद माणूस, चौथ्या ओळीला लालबुंद झाला आणि पाचव्या ओळीला त्यानं ट्युबा खाली ठेवली.

"वहिनी, चांदण्या दिसल्या," तो म्हणाला.

मास्तरांनी काठी खाली केली. "पाणी गेलं," ते म्हणाले. "पुढच्या बुधवारी."

घरी येऊन तिनं सहाही पानं पुन्हा पहिल्यापासून घेतली. घंट्या काढल्या, त्यांचं काम दोन क्लॅरिनेटना हलक्या फुंकीनं दिलं. पण श्वासाचं काय? जेवताना तिनं नवऱ्याला चांदण्यांची गोष्ट सांगितली. नवरा म्हणाला, "अगं, नंबर न तपासता चष्मा करून दिलास तर माणूस अडखळणारच. आधी तपास कुणाला किती दिसतं."

त्याला वाटलं आपण काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तिनं मात्र दुसऱ्या दिवशी वही आणि फोनमधलं स्टॉपवॉच घेतलं आणि एकेकाला गाठायला सुरुवात केली. हळू आवाजात एक सूर धर, सुटेपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत पंपघरात, प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावर, कोठारात. ट्युबा नऊ सेकंद. तिचं स्वतःचं बास क्लॅरिनेट बावीस. युफोनियम, ट्युबाचं धाकटं भावंड, चौदा. बासरीवाल्या प्रयोगशाळेतल्या बाई बारा, आणि "वहिनी, पुन्हा घ्या ना" म्हणत त्यांनी तेरा करून घेतले. दुसरी ट्रम्पेट वाजवणारी मीटरवाली, घरोघरी जाऊन पाण्याचे आकडे टिपणारी, दोन मुलांची आई, दिवसभर जिने चढते. तिचे सोळा.

राहिले भावजी. पहिल्यांदा त्यांना मीटिंग होती. दुसऱ्यांदा ट्रम्पेट तेल घालायला उघडून ठेवली होती. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "माझे तीस लिहा वहिनी, मला काय मोजायचंय?" शेवटी बुधवारी तालमीच्या आधी तिनं त्यांना खुर्चीतच धरलं. मोजायला आलं ते काही फार नव्हतं. पाच सेकंद सूर नेहमीसारखा, सोन्याचा. सहाव्याला कडा खरखरली. आठव्याला सूर उसवला आणि नुसती हवा राहिली.

"दुपारचं जेवण जड झालं," भावजी हसून म्हणाले आणि रुमालानं ओठ पुसला. बराच वेळ पुसला.

तिनं शेजारी पाहिलं. मीटरवाली मान खाली घालून आपल्या ट्रम्पेटच्या कळा एकेक दाबून बघत होती, जणू आजच विकत घेतल्यात. म्हणजे हिला ठाऊक होतं.

घरी तिनं गेल्या दीड वर्षातल्या कूचगीतांचे कागद काढले. शेवट सोडला तर पहिल्या ट्रम्पेटला तीन सेकंदांहून लांब सूर कुठेच नव्हता. शेवटचे उंच, लांब सूर होते तिथं पेन्सिलीची बारीकशी खूण होती आणि तीच खूण दुसऱ्या ट्रम्पेटच्या कागदावर, म्हणजे ते सूर मीटरवाली वाजवत होती. जलद संगीतात सगळं खपून गेलं होतं. या संथ सहा पानांत लपायला जागा नव्हती. मुख्य चालीत एक सूर तीन वेळा येत होता, दर वेळी चौदा सेकंद, आणि त्याला लागूनच सहा सेकंदांची उतरंड, मधे श्वासाला फट नाही.

तिनं सोपा रस्ता धरला. चाल तोडली. दोन मात्रा ट्रम्पेट, दोन युफोनियम, पुन्हा ट्रम्पेट, मग बासरी. भावजींना कुठेही पाच सेकंदांच्या वर धरावं लागणार नाही असं बेतानं कापलं. कुणाला संशय येऊ नये म्हणून बाकीच्यांचंही थोडं थोडं कापलं. मास्तरांनी कागद पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कुणासाठी तोडलंत?"

तिनं कागदांच्या कडा जुळवायला घेतल्या.

"मला कान आहेत वहिनी," मास्तर म्हणाले. "दीड वर्ष ऐकतोय. म्हटलं तो स्वतः सांगेल. पण हे असं वाजवायचं तर न वाजवलेलं बरं. चाल म्हणजे काय पंगत आहे, सगळ्यांना थोडं थोडं वाढायला? युफोनियमला सगळी द्या. आणि त्याला तुम्ही सांगा. माझ्याकडून आलं तर तो हुकूम होईल."

रविवारी भावजी आणि जाऊ जेवायला आले होते. जाऊ आत आवराआवर करत होती तेवढ्यात तिनं भावजींना जिन्यात गाठलं आणि चाल युफोनियमला देतेय म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितलं, पण अशा गोष्टीला हळू आवाज पुरत नाही.

भावजींचा चेहरा उतरला, मग चढला. "म्हणजे ते मोजमाप यासाठी होतं तर. मला वाटलं ट्युबासाठी घेताय."

"सगळ्यांसाठीच घेत होते भावजी."

"मी आणलं तुम्हाला या बँडमध्ये."

"हो."

"बरं झालं, आठवतंय," असं म्हणून ते जिना उतरले, जाऊची वाटही न बघता.

पुढचे दोन आठवडे ते ना घरी आले, ना तालमीला. जाऊचा फोन आला, "ताई, तुमच्यात काय बिनसलंय? हे काही बोलतच नाहीत." ती "बँडचं काहीतरी" म्हणाली, कारण ओठाबद्दल जाऊला माहीत नसावं हे तिच्या एव्हाना लक्षात आलं होतं. नवरा दोन्हीकडून सापडला. "माझ्या एका कानात भाऊ आणि एका कानात बायको," तो म्हणाला, "आणि मला दोघांचाही सूर कळत नाही. तू जाऊन बोल बाई."

ती गेली. भावजी खात्याच्याच झडपांच्या कारखान्यात फोरमन होते. पिंपाएवढ्या जाड लोखंडी झडपा टेबलांवर उलट्या पडलेल्या, सगळीकडे ग्रीसचा वास. तिला पाहून त्यांनी हात पुसले आणि बाकावरचा डबा बाजूला सरकवून जागा केली. राग होता, पण वहिनीला उभं ठेवण्याइतका नव्हता.

"डॉक्टर म्हणतात ओठाची नस आहे," ते आपण होऊनच म्हणाले. "इथं, डाव्या बाजूला. बोलताना काही नाही, जेवताना काही नाही. सूर धरला की थोड्या वेळानं ओठ आहे की नाही तेच कळत नाही. औषध नाही."

"घरी सांगितलंत?"

"काय सांगू? ती म्हणेल सोडून द्या. आणि ते बरोबरच असेल." त्यांनी एक नट उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "वहिनी, ट्युबाचा कागद मी पाहिला. पंपवाल्यानंच दाखवला मला. त्याच्या नऊ सेकंदांत मावणार नाही म्हणून तुम्ही तिथं काय केलंय?"

"दोघा ट्युबावाल्यांना आळीपाळीनं लिहिलंय. एकाचा सूर संपायच्या आत दुसरा आत येतो. ऐकणाऱ्याला एकच वाटतो."

"मग खाली जे चालतं ते वर का चालत नाही?"

खाली कुणाच्या अब्रूचा प्रश्न नव्हता म्हणून तिथं सुचलं, वर होता म्हणून सुचलं नाही, एवढंच.

"तुम्हाला चालेल?" तिनं विचारलं. "निम्मा सूर मीटरवालीचा असेल. लोकांना दिसेल."

"दिसू दे. मला अख्खी चाल हवी. तोडलेली नको आणि युफोनियमला तर मुळीच नको. तो प्रत्येक सुराला लोणी लावतो."

मास्तर तयार झाले. तिनं कागद नव्यानं लिहिले. लांब सूर भावजी सुरू करणार, पाचव्या सेकंदाला मीटरवाली त्यातच मिसळणार, सहाव्याला भावजी बाहेर. उरलेला सूर आणि उतरंड तिची, एकूण पंधरा सेकंद, तिच्या सोळात बसणारी. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात मीटरवालीचा सूर भावजींपेक्षा चकचकीत, त्यामुळे सांधा दिसायचा. गाळणीघराच्या रिकाम्या हौदाशेजारी तिघं रोज दुपारी अर्धा तास बसू लागली. वहिनी खालची ओळ वाजवायची.

"पुन्हा," भावजी म्हणायचे. "तू आलीस ते मला कळलं."

"दादा, तुम्हाला कळणारच ना! तुम्ही शेजारी बसलाय."

"कळता कामा नये. ट्रम्पेट जरा खाली धर. माझ्या पायाकडे वाजव."

तेराव्या दिवशी सांधा दिसेनासा झाला. भावजींनी डब्यातला निम्मा खाऊ मीटरवालीपुढे सरकवला.

कार्यक्रम जुन्या पंपघराच्या दालनात, संध्याकाळी पाचला. बंद पडलेली मोठी यंत्रं भिंतीशी, मधे खुर्च्या. खात्याची माणसं, बायकामुलं, साहेब, जाऊ दुसऱ्या रांगेत आणि तिच्या शेजारी नवरा, इस्त्रीचा शर्ट घालून. आधी चार कूचगीतं झाली. मग मास्तरांनी लोकांकडे वळून, "आता एक संथ आहे. मधे टाळ्या वाजवू नका, संपल्यावर मी वळेन," असं सांगितलं.

खालची ओळ निघाली. दोन ट्युबा आळीपाळीनं, मधे कुठेही भोक नाही. वरच्या सुरांचं घासणं हवं तसं झालं. भावजींनी चाल उचलली तशी दालनातली कुजबुज थांबली. पहिला लांब सूर गेला, दुसरा गेला. वहिनीला दोन्ही वेळी सांधा ऐकू आला, कारण तो तिनंच लिहिला होता.

तिसऱ्याला भावजींचा ओठ तिसऱ्याच सेकंदाला गेला. तिनं पाहिलं, गालाची डावी बाजू सैल झाली. सूर उसवणार तेवढ्यात मीटरवाली आत आली. कसं कळलं तिला कुणास ठाऊक, पण आली, श्वास पुरता भरून न घेताच. लोकांना काहीच कळलं नाही. भावजींनी ट्रम्पेट मांडीवर ठेवली.

वहिनीला आकडे पाठ होते. आता मीटरवालीला सतरा सेकंद लागणार होते आणि पुरा श्वास असता तरी तिचे सोळाच होते. उतरंडीच्या मधेच सूर संपणार. ती स्वतः काहीच करू शकत नव्हती, तिचं वाद्य दोन सप्तकं खाली. ती पाय टाकल्यासारखी खालची ओळ वाजवत राहिली आणि मोजत राहिली. दहा. अकरा. मीटरवालीची मान ताठ झाली. उतरंडीची पहिली पायरी आली, दुसरी आली.

तिसऱ्या पायरीला भावजींनी ट्रम्पेट उचलली. एकच सूर वाजवला, मधल्या पट्टीतला, हलका, जेमतेम तीन सेकंदांचा. तेवढ्यात मीटरवालीनं तोंड उघडून श्वास घेतला आणि पुढच्या पायरीवर पाऊल टाकलं. भावजींनी ट्रम्पेट पुन्हा मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत उचलली नाही.

संपलं तरी मास्तर लगेच वळले नाहीत. लोक वाट पाहत राहिले. मग ते वळले, आणि टाळ्या झाल्या, कूचगीताला होतात त्याहून थोड्या कमीच, पण बराच वेळ. वाद्यं आवरताना वहिनीनं विचारलं, "मास्तर, कसं झालं?"

"अकराव्या ओळीला दुसरी ट्युबा उशिरा आली," ते म्हणाले. मग कागद पाकिटात घालता घालता म्हणाले, "तो मधला सूर तुम्ही लिहिला नव्हता."

"नाही."

"आता लिहून ठेवा."

नवऱ्याचं मत बाहेर मिळालं. "लांब होतं," तो म्हणाला, "पण मी झोपलो नाही." त्याच्याकडून हे फार होतं.

भावजींनी त्याच संध्याकाळी घरी जाताना बायकोला सगळं सांगितलं. जाऊ त्यांच्यावर रागावली नाही, वहिनीवर रागावली. "ताई, तुम्हाला माहीत होतं आणि मला नाही? मी काय परकी?" महिनाभर रविवारची जेवणं बंद राहिली. मग एके दिवशी जाऊच भाजीची पिशवी घेऊन आली आणि काही झालंच नाही अशा थाटात निवडायला बसली.

बँडला नव्या मास्तरीण मिळाल्या, प्रयोगशाळेतल्या बाई. भावजींनी ट्रम्पेट सोडली, बँड सोडला नाही. ओठ लागत नाही म्हणून मोठा ढोल घेतला. ढोलावर ते काही चांगले नव्हते. सवय पहिल्या ट्रम्पेटची, त्यामुळे सगळ्यांच्या किंचित आधी पडायचे, आणि बाई त्यांना दर बुधवारी सांगायच्या.

मीटरवाली पहिल्या खुर्चीवर बसायला तयार होईना. जुन्याच जागी बसायची, शेजारची खुर्ची रिकामी. शेवटी एका तालमीला भावजी ढोल सोडून पुढे आले, तिचं कागदांचं स्टँड उचललं आणि पहिल्या खुर्चीपुढे ठेवलं.

"बस. मागचा उजवा पाय आखूड आहे हिचा, डुलते. खाली कागदाची घडी घाल. जाड घाल, पातळ पुरत नाही."

तिनं वहिनीकडे कागद मागितला. वहिनीनं वहीतलं एक कोरं पान फाडून चार घड्या घालून दिलं, आणि बाईंनी काठी उचलली.